सवाना की माँटगोमेरी?

चि. सायली,


स्प्रिंग ब्रेकला मैत्रिणींना घेऊन माझ्याकडे अटलांटाला येते आहेस, आणि इथून पुढे दोन रात्रींसाठी सवानाला जावं की माँटगोमेरीला, हे तुमचं ठरत नाहीये, असं तुझी आई म्हणाली. माझं मत सरळ सांगते. माँटगोमेरीला जा.

सवाना देखणं आहे, त्यात वाद नाही. ओगलथॉर्पनं १७३३ मध्ये वसवलेलं हे गाव चौकाचौकांनी वाढत गेलं. २४ चौकांपैकी २२ अजून शाबूत आहेत. ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉसच्या राखाडी जटा लोंबतात, सगळं पायी हिंडता येतं, आणि जवळच टायबीचा समुद्र आहे. पण या गावाच्या वेशीवर १८५९ च्या मार्चमध्ये दोन दिवस लिलाव चालला आणि चारशेहून जास्त गुलाम माणसं विकली गेली. त्या जागेजवळ आज एक पाटी आहे, पण फिरायला आलेली माणसं सहसा तिकडे फिरकत नाहीत. ओवेन्स-थॉमस हाऊसमध्ये गुलामांच्या राहण्याच्या खोल्या नीट दाखवतात, हे मान्य. तरी दोन दिवसांत सवाना तुला आपले वाडे आणि बागाच दाखवील. बाकीचं तुलाच शोधावं लागेल.

माँटगोमेरीत शोधावं लागत नाही. कॅपिटॉलच्या ज्या पायऱ्यांवर १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिसनं दक्षिणेच्या फुटीर राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तिथून डेक्स्टर अॅव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं लाल विटांचं चर्च हाकेच्या अंतरावर आहे. त्याच रस्त्यानं खाली उतरलीस की कारंज्याचा चौक लागतो. पूर्वी तिथं माणसांचा बाजार भरायचा. १९५५ च्या डिसेंबरात रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या, त्याही याच परिसरात. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला त्यांनी नकार दिला, त्यांना अटक झाली, आणि पुढचे ३८१ दिवस गावातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला.

किंग राहायचे ते घर आवर्जून बघ. १९५६ च्या जानेवारीत त्यावर बाँब टाकला, तेव्हा त्यांची पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी आत होत्या. ओसरीवर त्याची खूण ठेवली आहे. पण मला ओढून घेतं ते तिथलं स्वयंपाकघर. एका रात्री धमकीचा फोन आल्यावर किंग याच स्वयंपाकघरात कॉफी करून टेबलापाशी बसले आणि सगळं सोडून द्यावं का, याचा विचार करत राहिले. साधंच टेबल आहे. हेच किंग १९५९ मध्ये मुंबईला आले तेव्हा मणिभवनात राहिले होते. तू तिथं शाळेच्या सहलीबरोबर गेली होतीस.

गावातल्या टेकडीवर एक स्मारक आहे, ते २०१८ मध्ये उघडलं. झुंडींनी ज्यांचे जीव घेतले त्या चार हजारांहून अधिक माणसांचं ते आहे. गंजक्या रंगाचे आठशेवर पोलादी खांब आहेत, एकेका काउंटीचा एकेक, आणि त्यावर नावं नि तारखा कोरल्या आहेत. सुरुवातीला खांब तुझ्यासमोर उभे असतात. मग पायाखालची जमीन उतरत जाते, खांब मात्र तिथंच राहतात, आणि शेवटी ते डोक्यावर टांगलेले दिसतात. तिथं घाई करू नकोस. नावं वाच. कितीतरी ठिकाणी नाव माहीत नाही एवढंच लिहिलं आहे. हे स्मारक उभारणाऱ्या संस्थेच्याच लेगसी म्युझियममध्ये हत्येच्या जागांवरची माती भरलेल्या शेकडो बरण्या मांडल्या आहेत. म्युझियम आणि स्मारक एकाच दिवशी करू नका, फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी सेल्माला जा, तासाभराचा रस्ता आहे. १९६५ मध्ये काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठीचा मोर्चा याच वाटेनं माँटगोमेरीला आला. वाटेत लाउन्ड्स काउंटी लागते, आणि तिच्यासाठी तरी तू जावंस असं मला मनापासून वाटतं. तिथल्या काळ्या शेतमजुरांनी आपला पक्ष काढला आणि निवडणुकीचं चिन्ह म्हणून काळा पँथर घेतला. कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षानं नाव उचललं ते तिथूनच, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्या नावावरून. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. मराठी मुलीनं त्या रस्त्यावरून जाताना हे ठाऊक असावं.

आता व्यवहाराचं. संध्याकाळनंतर माँटगोमेरीचा मध्यभाग शांत असतो. सवानासारखी वर्दळ तिथं नसते, हे मैत्रिणींना आधीच सांग, म्हणजे कुणी हिरमुसणार नाही. नाश्त्याला ग्रिट्स घ्या, म्हणजे आपल्या मक्याच्या कण्याच. कोलार्डची भाजी बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस घालून शिजवतात, तेव्हा शाकाहारी मैत्रिणीनं विचारून घ्यावं. आठवड्याच्या सुरुवातीला काही ठिकाणं बंद असतात, वेळा बघूनच निघा. रेल्वे नाही, आणि पंचविशीच्या आतल्यांना भाड्याची गाडी महाग पडते, म्हणून माझी गाडी न्या. विम्यात तुझं नाव घालून ठेवते. अडीच तासांचा रस्ता आहे.

सवानाला आई-बाबा येतील तेव्हा आपण सगळे मिळून जाऊ. बाबांचे गुडघे बघता, ते सावलीतले चौक आणि बाक त्यांनाच जास्त सोयीचे.

आणि एक. अलाबामात घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे असतं. परत येताना तो तास हातचा जातो, म्हणून रविवारी तिथून दुपारी बाराच्या आत निघा. तुमचं विमान संध्याकाळचं आहे.

तुझी,
मावशी