तंबोरा घेताना: तारा चार, पाच की सहा?

परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावसारख्या गावात मूल शास्त्रीय गाणं शिकू लागलं, की कधी ना कधी घरात तंबोऱ्याचा विषय निघतोच. पहिला तंबोरा चार तारांचाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

चारांत पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची पितळी खर्जाची. मारवा, पूरिया गाताना पहिली तार निषादावर चढवायची, मालकंसाला मध्यमावर उतरवायची. पाच तारा असल्या, तर पंचम आणि निषाद दोन्ही लावून ठेवता येतात. मैफलीत गाणाऱ्याला ही मोठीच सोय. सहा तारांचा नाद आणखी भरतो. पण एक तार जरी उतरली, तरी सगळा नाद बिघडतो. कान अजून तयार होत असलेल्या मुलाचा रियाजाचा वेळ खुंट्या पिळण्यात जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

मिरजेचा बरा चार तारी तंबोरा साधारण 25 ते 40 हजारांत बसतो. तार वाढली की काही हजार वाढतात. तारांचा संच काहीशे रुपयांत मिळतो. खरा खर्च जवारीचा: तारांनी घोडीला खाचा पडतात, मग ती कारागिराकडून घासून घ्यावी लागते. मजुरीपेक्षा वाद्याची ने-आण महाग पडते. परभणीहून परळी, लातूर, पंढरपूर असा रेल्वेमार्ग मिरजेपर्यंत आहे, पण भोपळ्याला धक्का सोसत नाही. भक्कम खोक्याचे पैसे आधीच धरा. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तंबोरा पत्र्याच्या खोलीत अजिबात ठेवू नका, सांधे सुटतात.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून शहरातल्या दुकानात ‘मिरजेचा’ म्हटलं, तर पावतीवर कारागिराचं नाव लिहून मागा.

मुलगा असेल आणि आवाज फुटायचा असेल, तर थांबा. आज काळी चारला गाणारा उद्या काळी एकला येईल, आणि उंच पट्टीसाठी घेतलेला लहान तंबोरा त्याच्या कामाचा राहणार नाही. तोवर तीन ते आठ हजारांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुरे. मुलीसाठी मात्र गुरूंना पट्टी विचारून त्या मापाचाच घ्या. दुकानात तारा लावून अर्धा तास छेडत बसा. खुंटी सरकत असेल, तर ते वाद्य घेऊ नका.