युद्धाची मोजदाद : दुसऱ्या महायुद्धाचा एक पाठ

विजयी राजाने आपल्या पराक्रमाची प्रशस्ती शिळेवर कोरून घ्यावी, ही जगाची जुनी रीत. सम्राट अशोकाने कलिंग जिंकल्यानंतर मात्र वेगळेच काही कोरविले. आपल्या तेराव्या शिलालेखात त्याने पराभूतांची माणसे मोजली. दीड लाख लोक तेथून नेले गेले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट लोक मृत्यू पावले, अशी ती नोंद आहे. एवढ्यावर तो थांबला नाही. जे स्वतः सुखरूप राहिले, परंतु ज्यांचे आप्त, मित्र आणि सोबती संकटात सापडले, त्यांचे दुःख हीसुद्धा युद्धाचीच हानी होय, असे त्याने मान्य केले.

युद्ध मोजण्याच्या या रीतीत चार रकाने आहेत : मारले गेलेले, नेले गेलेले, हत्याराविना मेलेले आणि मागे राहिलेले. दुसऱ्या महायुद्धाचा हिशेब याच चार रकान्यांत मांडावा आणि त्यात आपल्या परिसरातील माणसांची जागा कोठे आहे ते पाहावे, हा या पाठाचा हेतू आहे. आपल्या विद्यालयाचे विद्यार्थी महायुद्धाच्या तारखा परीक्षेपुरत्या पाठ करतात. त्या तारखांमागे माणसे होती, आणि त्यांतील काही आपल्याच वाटेवरची होती, हे त्यांच्या ध्यानी यावे असे आम्हांस वाटते.

मारले गेलेले

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीच्या पत्रावर सही केली. या सहा वर्षांत जगातील सहा ते आठ कोटी माणसे मृत्युमुखी पडली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सैनिकांपेक्षा सामान्य नागरिकच त्यांत अधिक होते. सोव्हिएत संघाने सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली, तर चीनने दीड ते दोन कोटी. पोलंडमधील मृतांची संख्या सुमारे ६० लाख असून त्यांतील निम्मे ज्यू होते. सर्व युरोपात मिळून नाझींनी ६० लाख ज्यूंची हत्या केली, ती केवळ त्यांच्या जन्मामुळे. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी विचारसरणी कोठवर जाऊ शकते, हे आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको. ब्रिटनचे सुमारे साडेचार लाख, तर अमेरिकेचे सुमारे चार लाख लोक मेले. ज्यांनी युद्ध लादले, त्या जर्मनीची सुमारे ७० लाख आणि जपानची सुमारे ३० लाख माणसे गेली.

भारताला या युद्धात कोणी विचारून नेले नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांशी सल्लामसलत न करताच देश युद्धात असल्याचे जाहीर केले. तरीही युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात दाखल झाले आणि त्यांतील सुमारे ८७ हजार परत आले नाहीत.

त्या ८७ हजारांपैकी एक नाव आपल्याला शेजारचे आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून महाडहून उत्तरेस निघाले की माणगाव लागते. नाईक यशवंत घाडगे हे त्याच माणगाव तालुक्याचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून ते इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील इतर सर्वजण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले आणि त्यांनी ते ठाणे मोडले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा प्राण घेतला. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही, अशा सैनिकांची नावे कोरलेल्या इटलीतील कासिनो स्मारकावर त्यांचे नाव आहे.

शौर्याचा आदर करावाच. परंतु ज्या खोऱ्यात भातशेती करणारा बावीस वर्षांचा तरुण जन्मला, तेथून हजारो कोस दूर, ज्या देशाशी त्याचे काही वैर नव्हते तेथे तो पडला, हे सत्यही त्याच पुतळ्याखाली उभे राहून विद्यार्थ्यांस सांगितले पाहिजे.

नेले गेलेले

अशोकाच्या शिलालेखातील दुसरा रकाना घरादारापासून तोडून नेलेल्यांचा आहे. महायुद्धात अशा माणसांची संख्या कोट्यवधी झाली. त्यांपैकी एक समूह थेट महाराष्ट्रात येऊन राहिला. पूर्व पोलंड सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेल्यावर तेथील लक्षावधी लोकांना सैबेरिया व मध्य आशियातील दूरच्या प्रदेशांत हाकलण्यात आले. पुढे सुटका झाल्यावर त्यांतील काही इराणमार्गे भारतात पोहोचले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता. तेथे त्यांच्या शाळा भरत. आपल्या विद्यालयाप्रमाणेच घरापासून दूर राहून शिकणारी ती मुले होती. भेद इतकाच की सुट्टी लागली म्हणून परतावे असे घर त्यांना उरले नव्हते.

आपली माणसेही अशीच उखडली गेली. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले, तेव्हा ब्रह्मदेशात पोटासाठी गेलेले लाखो भारतीय जंगल व डोंगर तुडवीत पायी मायदेशी निघाले. त्या वाटेवर हजारो जण भूक, हिवताप आणि पटकी यांना बळी पडले.

हत्याराविना मेलेले

गोळी न लागता मेलेल्यांची संख्या या युद्धात भयंकर आहे. लेनिनग्राड शहराला जर्मन फौजांनी ८७२ दिवस वेढले आणि तेथे लाखो नागरिक उपासमारीने मेले. आपल्या देशात १९४३ साली बंगालमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे ३० लाख माणसे गेली. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या होत्या, भाव कडाडले होते आणि मदत वेळेवर पोहोचली नाही. भूमिहीन मजूर व मच्छीमार प्रथम मेले. ब्रिटन, अमेरिका आणि भारतीय सैन्य यांच्या एकत्रित मृतांपेक्षाही बंगालचे हे मृत अधिक आहेत. मात्र कोणत्याही युद्धस्मारकावर त्यांची नावे नाहीत.

मुंबईत १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले. सावित्रीच्या खोऱ्यातील असंख्य कुटुंबांचा संसार तेव्हा मुंबईवर चालत असे. थोडके भात आणि वरकस जमिनीवरची नाचणी-वरी यांवर वर्ष निघत नसे. म्हणून महाड-पोलादपूरचे कर्ते पुरुष गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि नगरपालिकेच्या कामावर जात आणि गावाकडे मनिऑर्डर पाठवीत.

त्याच मुंबईत १४ एप्रिल १९४४ रोजी महायुद्ध गोदीत येऊन फुटले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरल्या होत्या. दुपारी जहाजात आग लागली आणि चार वाजून गेल्यावर थोड्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. आठशेहून अधिक माणसे ठार झाली. आग विझविणारे ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांना ५३ वर्षे पूर्ण झाली होती आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपण ज्या दिवशी जयंतीचा आनंद साजरा करतो, त्याच दिवशी गोदीतील या कामगारांचेही स्मरण करावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

मागे राहिलेले

चौथा रकाना सर्वांत मोठा आणि सर्वांत अबोल आहे. त्याची बेरीज कोणत्याही सरकारने केलेली नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये गेले. ते शत्रूला मारण्यासाठी नव्हे, तर जखमींना वाचविण्यासाठी गेले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. तिकडे पत्नी आणि तान्हे मूल, इकडे सोलापूरचे कुटुंब; एका मृत्यूने दोन देशांतील घरे रिकामी केली.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर ‘मागे राहणे’ या शब्दांना आणखी एक अर्थ आहे. पूर्वाश्रमीच्या महार समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ती मोडली गेली. मार्च १९२७ च्या महाड परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी या भरतीबंदीने कोकणातील समाजाचे झालेले नुकसान आवर्जून मांडले होते. दुसरे महायुद्ध पेटल्यावर, त्यांच्या पाठपुराव्यामुळे, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ही रेजिमेंट आजही देशसेवेत आहे. मरणासाठी माणूस हवा असतो तेव्हा त्याचा विटाळ होत नाही आणि गरज संपली की दार पुन्हा बंद होते, हा त्या मधल्या वीस वर्षांचा धडा आहे.

मृत्यूनंतरही हा भेद सुटला नाही. पहिल्या महायुद्धात इराकच्या भूमीवर मेलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक झाले, त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या लिहिली गेली.

बाबासाहेबांनी दुसऱ्या महायुद्धात नाझीवादाच्या पराभवाची बाजू घेतली, कारण स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा तो उघड शत्रू होता. तेव्हा हानीचा हिशेब मांडणे म्हणजे दोन्ही पक्षांना एकाच मापाने तोलणे नव्हे. अपराध कोणाचा हा प्रश्न वेगळा. दुःख कोणाचे मोजावे, हा प्रश्न वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘सर्वांचे’ असेच आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि वर्षअखेरपर्यंत त्या एका शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. ९ ऑगस्टला नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. त्या शहरांतील शाळकरी मुलांनी कोणाच्याही देशावर आक्रमण केले नव्हते.

वैराचा शेवट

१९५१ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे जपानबरोबरच्या शांतता कराराची परिषद भरली. श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या, वतीने जे. आर. जयवर्धने उपस्थित होते. जपानी विमानांनी १९४२ मध्ये कोलंबो व त्रिंकोमाली येथे बॉम्ब टाकले होते, त्यामुळे नुकसानभरपाई मागण्याचा सिलोनला अधिकार होता. जयवर्धने यांनी धम्मपदातील वैरविषयक बुद्धवचनाचा आधार घेऊन ती भरपाई नाकारली आणि जपानला स्वतंत्र राष्ट्र म्हणून जगू द्यावे, अशी बाजू मांडली. भारतानेही १९५२ च्या स्वतंत्र करारात भरपाईवरील हक्क सोडला. आपण विहारात ऐकतो ते वचन आंतरराष्ट्रीय परिषदेत उच्चारले गेले आणि त्याप्रमाणे एक राष्ट्र वागलेही, ही घटना प्रत्येक बौद्ध विद्यार्थ्यास ठाऊक असावी.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेल्या कलहात शोधले आहे. संघाने युद्धाचा ठराव केला, तेव्हा तरुण सिद्धार्थाने त्यास उघड विरोध केला. पाण्याच्या हक्कासाठी रक्त न सांडता झगडणे म्हणजे काय, हे १९२७ मध्ये चवदार तळ्याने जगाला दाखविले. सत्याग्रहींना मार बसला, परंतु बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. म्हणून युद्धाचा हा पाठ महाडच्या भूमीवर शिकविण्यास विशेष औचित्य आहे.

माजी विद्यार्थ्यांस आणि पालकांस आमची एक विनंती आहे. आपल्या गावी, वाडीत, वस्तीत जुन्या पेट्या असतील. त्यांत एखादे पदक, पलटणीतून सुटल्याचा दाखला, पेन्शनचा कागद, गोदीचा वा गिरणीचा बिल्ला, मनिऑर्डरची पावती असेल. ते कागद वाळवीने खाण्यापूर्वी बाहेर काढावेत. कोण गेले, कोठे गेले, कोण परतले नाही, आणि मागे कोणी शेत राखले व मुले वाढविली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. आजीचे नाव विसरू नये. पदकावर ते नसतेच. विद्यालयाच्या मुलांनी ही नोंदवही एकेका गावाने पुढे न्यावी.

टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने गावी २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे त्याचे बोधवाक्य आहे. ज्या भूमीवर आपला शेजारी पडला, तेथील लोकांनी ऐंशी वर्षांनी त्याची आठवण ठेवली. आपल्या वाड्यांतील नावांची आठवण ठेवण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.

भवतु सब्ब मंगलं.