समजावून सांगणे हाही स्वाध्यायच

एखादा विषय आपणास कळला आहे की नाही, हे बहुधा मनुष्याचे त्यालाच ठाऊक नसते. ग्रंथ अनेक वेळा वाचलेला असतो, त्यातील शब्द कानांच्या ओळखीचे झालेले असतात, काही भाग मुखोद्गतही असतो. या ओळखीलाच तो ज्ञान समजून स्वस्थ राहतो. ही समजूत किती पोकळ आहे, ते एखाद्या प्रसंगी अकस्मात उघड होते.

घरात आजोबांचे देहावसान झालेले असते. सायंकाळी सर्व मंडळी एकत्र बसून गीतेचे पठण करतात. दुसऱ्या अध्यायात आत्मा अविनाशी असल्याचे प्रतिपादन आहे. त्याचा अर्थ कानांवर पडताच आठ-दहा वर्षांचा नातू वडिलांना विचारतो, "आजोबा मेले नाहीत, तर मग ते बोलत का नाहीत?" वडिलांनी तो अध्याय वर्षानुवर्षे म्हटलेला असतो. ते पुन्हा तेच शब्द उच्चारतात, मूल पुन्हा तोच प्रश्न करते, आणि अखेर "मोठा झालास म्हणजे कळेल" असे सांगून विषय मिटविला जातो. वस्तुतः येथे मुलाचे वय कमी पडलेले नसते. वडिलांची समज कमी पडलेली असते. ज्या घटकेला घराला आधार हवा होता, त्याच घटकेला इतक्या वर्षांचे पाठांतर मुके राहिले.

या उणिवेवर एक उपाय प्रत्येक गृहस्थाच्या हाती आहे. कठीण विषय दुसऱ्यास सोप्या भाषेत समजावून सांगण्याचा अभ्यास, हाच तो उपाय. त्यात ऐकणाऱ्याचे हित आहेच, परंतु सांगणाऱ्याचे हित अधिक आहे. कोलकाता नगरीतील दोन थोर पुरुषांच्या चरित्रांवरून ही गोष्ट स्पष्ट होईल.

विद्यासागरांचे व्याकरण

ईश्वरचंद्र विद्यासागर १८२९ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात शिकू लागले. तेथे आरंभी मुग्धबोध व्याकरण शिकवीत असत. महाराष्ट्रातील वाचकांना हे वाचून कौतुक वाटेल की, या व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा देवगिरीच्या यादवांच्या काळातील हेमाद्रीच्या आश्रयाचा पंडित होय. ग्रंथ थोर खरा. परंतु तो संस्कृत सूत्रांत रचलेला. ज्या मुलाला संस्कृत शिकावयाचे आहे, त्याने संस्कृतातील सूत्रे अर्थ न कळता पाठ करावयाची, अशी ती रीत होती. विद्यासागरांनीही याच रीतीने अध्ययन केले आणि ते निष्णात झाले.

पुढे राजकृष्ण बंद्योपाध्याय या स्नेह्याला संस्कृत शिकण्याची इच्छा झाली.  सूत्रे घोकण्यात वर्षे घालविणे त्याला शक्य नव्हते. तेव्हा विद्यासागरांनी त्याच्यासाठी व्याकरणाचा सारांश बंगालीत लिहून काढला व त्यावरून त्याला शिकविले. पुढे याच पद्धतीने त्यांनी १८५१ मध्ये 'उपक्रमणिका' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि 'व्याकरण-कौमुदी' त्यानंतर झाली. या पुस्तकांनी बंगालमधील असंख्य मुलांना संस्कृताचे दार उघडून दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाठ केलेल्या विषयात आधी काय व नंतर काय, मुख्य कोणते व गौण कोणते, याचा निवाडा करण्याची गरज पडत नाही. ग्रंथाच्या क्रमाने जीभ चालत राहते. शिकविणाऱ्याला मात्र हा निवाडा करावाच लागतो. ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे अशा एका माणसाला विषय सांगावयाचा झाला, म्हणजे त्या विषयाचा कणा कोठे आहे हे आधी स्वतःला शोधावे लागते.

वर्गात सापडलेली अडचण

दुसरे उदाहरण आधुनिक विज्ञानातील आहे. सत्येंद्रनाथ बोस यांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापक झाले. तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. भौतिकशास्त्रात नवे विचार उदयास येत होते, परंतु त्यांवरील ग्रंथ मुख्यतः जर्मन भाषेत होते. बोस आणि त्यांचे सहाध्यायी मेघनाद साहा यांनी ती भाषा शिकून घेतली आणि सापेक्षतेवरील मूळ निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. जे दुसऱ्यांना शिकवावयाचे ते आधी शब्दाशब्दाने स्वतः समजून घ्यावयाचे, हा त्यांचा बाणा होता.

१९२१ मध्ये बोस नव्याने स्थापन झालेल्या ढाका विद्यापीठात गेले. तेथे विद्यार्थ्यांना शिकविताना प्लँक या जर्मन शास्त्रज्ञाचा नियम समोर आला. तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाची शक्ती निरनिराळ्या रंगांत कशी वाटली जाते, हे तो नियम सांगतो. १९०० मध्ये निघालेले ते सूत्र प्रयोगांशी तंतोतंत जुळत होते; त्याविषयी कोणाला शंका नव्हती. परंतु सूत्रापर्यंत जाण्याची वाट सदोष होती. एक पाय प्रकाशाला लहर मानणाऱ्या जुन्या सिद्धांतावर, तर दुसरा पाय प्रकाशाचे सुटे कण मानणाऱ्या नव्या विचारावर, अशी ती मांडणी होती. पुढे बोसांनी स्वतःच असे सांगितले आहे की, विद्यार्थ्यांना हे स्पष्ट करून देण्याची जबाबदारी शिक्षक म्हणून अंगावर असल्यामुळे त्यातील विसंगती त्यांना जाणवत होती.

सूत्र बरोबर येते, परीक्षेत गुण मिळतात, मग पुढे जावे, असे म्हणून त्यांना तो धडा संपविता आला असता. त्यांनी तसे केले नाही. जे सरळ सांगता येत नाही ते आपणास पुरते कळलेले नाही, असे मानून त्यांनी विचार चालू ठेवला आणि १९२४ मध्ये जुन्या सिद्धांताचा आधार न घेता तेच सूत्र सिद्ध करून दाखविले. एका इंग्रजी नियतकालिकाकडून तो निबंध प्रसिद्ध झाला नाही. तेव्हा ४ जून १९२४ रोजी त्यांनी तो थेट आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो छापविला. आज ज्या कणांना 'बोसॉन' म्हणतात, ते नाव याच अध्यापकाच्या नावावरून पडले आहे.

दोन नाण्यांचा दृष्टांत

बोसांच्या विचाराचे मर्म एका घरगुती उदाहरणाने सांगता येते. एका पेटीला दोन खण आहेत आणि हाती रुपयाची दोन नाणी आहेत. ती खणांत किती प्रकारे ठेवता येतील? दोन्ही पहिल्या खणात. दोन्ही दुसऱ्या खणात. एक नाणे पहिल्यात व दुसरे दुसऱ्यात. किंवा त्याच्या उलट. असे चार प्रकार झाले. आता समजा की, दोन नाण्यांत कोणताही भेद करणे मुळीच शक्य नाही. मग शेवटचे दोन प्रकार वेगळे राहतच नाहीत. ते एकच ठरतात. चारांचे तीन झाले. प्रत्येक प्रकार सारखाच संभवनीय धरला, तर दोन्ही नाणी पहिल्या खणात असण्याचा संभव पूर्वी चारांत एक होता, तो आता तिनांत एक होतो. प्रकाशाच्या कणांची मोजदाद या दुसऱ्या रीतीने करावयाची, हे बोसांच्या मांडणीचे सार होय.

परंतु हा दृष्टांत कोठे थांबतो तेही सांगितले पाहिजे. खरी नाणी कितीही सारखी दिसली, तरी नजर ठेवून हे कोणते व ते कोणते हे सांगता येते. म्हणून ती चार प्रकारांनीच मोजली जातात. प्रकाशकणांच्या बाबतीत असा भेद निसर्गातच नाही. दृष्टांताची मर्यादा सांगितल्यावाचून केलेले विवेचन सोपे वाटते खरे, पण ते ऐकणाऱ्याच्या मनात नवी चूक पेरून जाते. सोपे करणे म्हणजे अवघड भाग गाळून टाकणे नव्हे. अवघड भाग नेमका कोठे आहे, हे साध्या शब्दांत दाखविणे म्हणजे सोपे करणे.

१९४५ मध्ये बोस कलकत्त्यास परतले आणि १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. 'ज्ञान ओ विज्ञान' हे तिचे बंगाली मासिक. उच्च विज्ञान मातृभाषेतून सांगता येते, असा त्यांचा ठाम विश्वास होता. १९६३ मध्ये केवळ मूळ संशोधनाचे बंगाली निबंध असलेला एक विशेषांक काढून परिषदेने तो प्रत्यक्षात दाखविला. घरच्या भाषेत न समजलेल्या गोष्टी परक्या शब्दांच्या आड सहज लपून राहतात. घरच्या भाषेत त्या लपत नाहीत.

गृहस्थाने काय करावे

गीतेतही संवादाचे हेच महत्त्व दिसते. दहाव्या अध्यायात भक्त परस्परांना बोध करीत असतात, असे वर्णन आहे. म्हणजे बोध घेणे व देणे ही एकाच साधनेची दोन अंगे झाली. अर्जुनही स्थितप्रज्ञाची केवळ व्याख्या ऐकून समाधान मानीत नाही. तो कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो असे विचारतो. उत्तरात भगवंत अवयव आवरून घेणाऱ्या कासवाचा दृष्टांत देतात. ज्याला खरोखर समजावयाचे आहे, तो असेच विचारतो. आणि ज्याला समजले आहे, तो असेच सांगतो.

यासाठी पुढील अभ्यास नित्य करावा.

१. वाचनातून एकच लहान विचार निवडावा. ग्रंथ मिटून तो घरच्या भाषेत, दहा वर्षांच्या मुलाला सांगावा तसा लिहून काढावा.

२. लिहिताना जेथे अडखळावयास होते, किंवा जेथे मोठा शब्द योजून वेळ मारून नेली जाते, तेथे खूण करावी. आपले अज्ञान नेमके तेथेच असते.

३. त्या खुणेपाशी ग्रंथाकडे किंवा जाणत्या माणसाकडे परत जावे.

४. व्यवहारातील एक दृष्टांत शोधावा आणि तो कोठे लागू पडत नाही हेही सांगावे.

५. घरातील कोणाला तरी तो विचार सांगून, तो त्यांच्या शब्दांत परत ऐकावा. प्रश्न आला तर राग मानू नये. प्रश्न विचारणारा हा त्या घटकेचा गुरूच होय.

यात एक पथ्य आहे. समजावून सांगण्यात आपण उपदेशक झालो, असा अभिमान शिरू देऊ नये. "एवढे मला कळले, याच्या पुढचे अद्याप कळले नाही," असे म्हणण्याची तयारी ज्याच्याजवळ नाही, त्याला या अभ्यासाचे फळ मिळत नाही.

असा अभ्यास केलेला पिता त्या शोकाच्या सायंकाळी मुलाला जवळ घेईल आणि म्हणेल, "आजोबांचा देह गेला. तो परत येणार नाही, आणि देहावाचून आपल्याला कोणाचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून रडू येते. त्यात चूक काही नाही. पण आजोबा तुझ्याएवढे होते तेव्हा त्यांचा देह वेगळा होता, तरुणपणी वेगळा होता, म्हातारपणी वेगळा होता; तरी 'मी' म्हणणारे आजोबा एकच होते ना? देह इतका बदलला तरी ते बदलले नाहीत. त्या 'मी'विषयी गीता सांगते की, देह संपला तरी तो संपत नाही. तो मला तुला दाखविता येणार नाही. मीही अजून ते शिकतोच आहे."

मुलाला यातले सर्व कळेल असे नाही. परंतु त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालेले असेल, आणि इतकी वर्षे केवळ जिभेवर असलेला अध्याय त्या दिवशी प्रथमच वडिलांच्या अंतःकरणात उतरलेला असेल.