चिमूटभर मीठ आणि बाळाचा कान

दिवाळीच्या सुट्टीत भिलाईला, हुडकोतल्या घरी गेलो. वहिनीला तिसरा महिना. कुणीतरी सांगितले म्हणून तिने साधे मीठ बंद करून सैंधव सुरू केले होते. वर्गात नुकताच थायरॉईडचा धडा झाला होता, म्हणून मी मध्ये पडलो.

गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून काम करू लागते. तोवर लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. मेंदूच्या पेशी आपापल्या जागी सरकणे, पुढे आतल्या कानातला शंखासारखा भाग नीट घडणे, ही कामे या संप्रेरकावर चालतात. ते फारच कमी पडले तर मूल बहिरे होऊ शकते, बुद्धीची वाढ खुंटते. नंतर औषधाने ते पुरते भरून निघत नाही. आणि आयोडीनशिवाय थायरॉक्सिन बनत नाही. गरोदरपणी ते रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागते. सैंधवात वरून मिसळले नसेल तर ते नगण्यच.

डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी करून दाखवला. १९६२ मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला.

वहिनी हसली, “भावजी, या धड्यात मार्क किती पडले?”

बासष्ट टक्के. तरी संध्याकाळी आईने हसऱ्या सूर्याचे चिन्ह पाहून पुडा आणला, आणि मिठाच्या बरणीला झाकणही शोधून काढले.