दंडाची नोटीस आणि तिचा प्रतिवाद

इंग्लंडमध्ये रस्त्याकडेला मोटार उभी करण्याचे नियम मोडणे ही पूर्वी सर्वत्र फौजदारी कायद्याची बाब होती. १९९१ च्या रस्ता वाहतूक कायद्याने तिची अंमलबजावणी स्थानिक कौन्सिलांकडे सोपविण्याचा मार्ग खुला केला; आज ती मुख्यतः २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्यानुसार चालते. यामुळे दंड आकारणारी कौन्सिल आणि त्यावरील तक्रार प्रथम ऐकणारीही कौन्सिलच, अशी स्थिती निर्माण झाली. म्हणूनच नागरिकाने आपल्या हक्काच्या पायऱ्या नीट जाणून घ्याव्यात.

मोटारीवर लावलेल्या नोटिशीचे पैसे १४ दिवसांत भरल्यास निम्मी रक्कम पुरते. मात्र पैसे भरले की प्रकरण मिटते व प्रतिवादाची वाट बंद होते. ज्याला दंड अन्यायाचा वाटतो, त्याने याच मुदतीत कौन्सिलला लेखी हरकत कळवावी. ती फेटाळल्यास सवलत पुन्हा देऊ करावी, अशी शासकीय मार्गदर्शक सूचना आहे.

त्यानंतरही दंड न भरल्यास वाहनाच्या नोंदणीकृत धारकाला औपचारिक नोटीस येते. तिला २८ दिवसांत उत्तर द्यावे लागते. स्वस्थ बसल्यास दंड निम्म्याने वाढतो आणि पुढे न्यायालयामार्फत वसुली होऊ शकते. उलट, वेळेत केलेल्या निवेदनाला कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिले नाही, तर दंड रद्द होतो.

निवेदन फेटाळले गेल्यास २८ दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही. नियमभंग घडलाच नाही, मोटार आधीच विकली होती, ती चोरीस गेली होती, किंवा कौन्सिलने कार्यपद्धती पाळली नाही, अशी कारणे तेथे ग्राह्य धरली जातात. फलक झाडाआड दडला असेल, तर त्याचे छायाचित्र त्याच दिवशी घेऊन ठेवावे. आजारपणासारखी अडचण मात्र प्रथम कौन्सिललाच कळवावी. त्या कारणास्तव न्यायाधिकरण पुनर्विचाराची केवळ शिफारस करू शकते.

कार्यपद्धतीचा आग्रह क्षुल्लक नव्हे. २००६ साली बार्नेट कौन्सिलच्या प्रकरणात, नोटिशीच्या मुख्य भागात ती दिल्याची तारीख नसल्याने उच्च न्यायालयाने दंड अवैध ठरविला. नागरिकाला मुदती पाळाव्या लागतात. तसाच कौन्सिललाही कायदा पाळावा लागतो.