लघुग्रह ‘एशिया’ : शोध व नामकरण

(वरच्या इयत्तांसाठी पाठ-टिपण)

हेतू : आकाशातील शोध केवळ तीक्ष्ण दृष्टीने लागत नाही, त्यास नोंदींचे सातत्य लागते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे.

विषयविवेचन : मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील पट्ट्यात असंख्य लहान पिंड सूर्याभोवती फिरतात. त्यांस लघुग्रह म्हणतात. त्यांपैकी पहिला, सेरेस, हा पियाझी यांस १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे आढळला. आज त्याची गणना बटुग्रहांतही होते. पुढील साठ वर्षे असे शोध युरोप-अमेरिकेतूनच लागत गेले. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांनी ६७ वा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच शोध. म्हणून त्याचे नाव ‘एशिया’. ग्रीक पुराणातील एका देवतेचेही हेच नाव असल्याने देवतांची नावे देण्याचा तत्कालीन प्रघातही पाळला गेला. त्याच्या सूर्यप्रदक्षिणेस सुमारे पावणेचार वर्षे लागतात.

याच वेधशाळेतील साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला, हेही मुलांना अवश्य सांगावे. पुढे १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तमिळनाडूतील कावलूर येथून राजमोहन यांनी शोधलेल्या लघुग्रहास गणिती रामानुजन यांचे नाव मिळाले.

प्रात्यक्षिक : दुर्बिणीतही लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो; त्याची ओळख पटते ती स्थान बदलण्यावरून. हे समजावे म्हणून शाळेच्या अंगणात चौकोन आखून त्यात ज्वारीचे तीस दाणे पसरावेत. निम्म्या मुलांनी पाटीवर नकाशा काढावा. उरलेल्यांनी नुसते पाहावे. मुलांना पाठ फिरवावयास सांगून एक दाणा चार बोटे सरकवावा. नुसते पाहणारे बहुधा वाद घालतील. नकाशा काढणारे दाणा दाखवतील. उत्तर बरोबर आले तरी पुरावा विचारावा. तोच दाणा पुन्हा सरकवावा, म्हणजे पहिला फरक नोंदीतील चूक नव्हती याची खात्री होईल.

उमरगा परिसरातील खेड्यांत मंगळ दिसत असेल त्या महिन्यात, दर आठ दिवसांनी जवळच्या ताऱ्यांसह त्याचे स्थान मुलांकडून वहीत तारखेनिशी नोंदवून घ्यावे. यास दुर्बीण लागत नाही.

प्रश्न : (१) ‘एशिया’ हे नाव का पडले? (२) एकाच रात्रीच्या वेधावरून लघुग्रह का ओळखता येत नाही?

सूचना : नावे व सनावळी पाठ करवून घेण्यावर भर देऊ नये. महिनाअखेर वहीत चार प्रामाणिक नोंदी असल्या, तर पाठाचा हेतू साधला असे समजावे.