प्रश्न कोणता विचारावा?

१८८० साली कार्ल मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. कामाचे तास किती? अपघात झाल्यास मालक भरपाई देतो काय? उत्तरे फारच थोडी आली. परंतु चिकित्सक समाजसंशोधनाचे मूळ मला येथेच दिसते. कामगाराच्या स्थितीचा जाणकार कामगारच होय. १९३७ मध्ये होर्कहायमरने 'पारंपरिक' व 'चिकित्सक' सिद्धांत असा भेद केला, तो नंतरचा (आणि समजावयास जड!).

१९४५ मध्ये गोदावरी परुळेकर त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांत गेल्या. वारली आळशी म्हणून गरीब, असे म्हणून मोकळे होता आले असते. त्यांना वेठ दिसली. लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणारे लग्नगडी दिसले. 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) त्यातूनच आले.

सुरगाण्यात नुसते वार्षिक उत्पन्न विचारले, तर आकडा मिळेल. किती वर्षे वनजमीन कसता, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली किती मागितली, किती मिळाली, असे विचारले तर कारण हाती लागेल. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस पायी गेलेल्या मोर्चाची ही एक प्रमुख मागणी होती. अर्थात उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारणे हेही संशोधन नव्हे. ही प्रश्नावली आपल्याच वर्गाने सुट्टीत गावोगाव का नेऊ नये?